ठिगळ

निवृत्त झालो त्या दिवशी गोदीतल्या पोरांनी
केक कापला आणि हा खोका हातात दिला.
तीनशे बारा तुकडे, तीन डोलकाठ्या,
सेहेचाळीस तोफा. कुण्या राजाचं लढाऊ जहाज.
झाकणावर धूर, आग, आणि लाटाही
रंगवणाऱ्याने समुद्र न बघताच काढलेल्या.

मला राजाशी काय करायचंय?
सूरोयच्या आमच्या खाडीत राजा कधी आला नाही.
आला तो कॉड मासा,
आणि इंग्रजांनी वापरून टाकलेली जुनी, स्वस्त गलबतं.
त्यांतलंच एक आजोबांचं.
नाव 'सोल्रुन', बाईचं.
फोटो नाही. मिठाच्या पोत्यांच्या हिशोबाची वही आहे,
आणि आई सांगायची तेवढं :
मागच्या शिडाला चौकोनी ठिगळ होतं,
बाकीच्या कापडाहून पांढरं.
सात वर्षांची ती धक्क्यावर उभी राहून
गलबत नाही, ठिगळ शोधायची.
मार्चमध्ये गेलेलं ते. मे संपेपर्यंत शोधत होती.

तर मी करवत घेतली.
जहाजाच्या पोटातून चार बोटं कापून काढली,
उरलेलं पुढचं-मागचं जुळवून चिकटवलं.
एक डोलकाठी रद्द.
मागचा सोनेरी सिंह कानशीने घासला,
आधी आयाळ गेली, मग चेहरा.
तोफांच्या झरोक्यांत लांबी भरत बसलो
तेव्हा बिरिता आतल्या खोलीतून विचारायची,
"संपली का लढाई?"
"अजून नऊ राहिल्यात."
आठवडाभर तेच.

तुकडे ज्या चौकटीला चिकटून येतात
तिची काडी मेणबत्तीवर धरायची,
चमकू लागली की श्वास रोखून ओढायची :
केसासारखा दोर निघतो.
श्वास सुटला की तुटतो.
आजोबांच्या दोरांना डांबराचा वास असेल,
माझ्यांना जळक्या कंगव्याचा.
चाळीस वर्षं मी विंचा दुरुस्त केल्या,
बोटं जाड झालीत, ती ऐकत नाहीत.
ऐकेपर्यंत फेब्रुवारी सरला.

शिडं चहात भिजवली.
एक चौकोन कोरडा ठेवला.

मग माणसं.
वहीत सोळा नावं. खोक्यात अकरा, सगळे बंदूकवाले.
बंदुका छाटल्या, हातांत गळाच्या दोऱ्या दिल्या,
टोप्यांवरची पिसं ब्लेडने उडवली.
पाच कमी पडत होते.
ते उरलेल्या काड्यांतून कोरले : ओबडधोबड,
खांदे वर ओढलेले, मान आत.
त्यांनाच कठड्याशी उभं केलं.
आता बघतो तर तेच पाच खरे वाटतात,
थंडीत माणूस तसाच उभा राहतो.
अकरा जण अजून कवायतीला आल्यासारखे.

सूचनांच्या कागदावर शेवटची पायरी : ध्वज लावा.
नाही लावला.

रविवारी नात आली, रान्वा.
नाक टेबलाला टेकवून बराच वेळ बघत राहिली.
"यातले खापरपणजोबा कुठले?"

मला सांगता येईना.
सोळाही जणांना एकाच कुंचल्याने
मी एकच तपकिरी स्वेटर घातला होता.
वहीत नाव आहे, चेहरा नाही,
आईलाही ठिगळच तेवढं आठवायचं.

बिरिता हात पुसत आली. चष्मा लावला.
सुईचं टोक लाल रंगात बुडवून
वाकड्या खांद्याच्या एकाच्या गळ्याशी टेकवलं.
"हा."
"कशावरून?"
"कुणीतरी विणला असेलच ना तो स्वेटर,"
एवढं बोलून ती बटाट्यांकडे परत गेली.

आता ते खिडकीत असतं.
काचेपलीकडे खाडी, आज करडी.
खुर्चीतून गळ्याचं लाल दिसत नाही,
भिंग घ्यावं लागतं.
ठिगळ दिसतं.